त्रिनिदाद : मराकस, पिच लेक, कॅरोनी यांच्या पलीकडे काय बघावं?

मोहोर

एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात त्रिनिदादला दहा दिवस जायचं ठरतंय. दोघं जण, दोघांनाही सह्याद्रीत चालायची सवय. एक पूर्ण शाकाहारी, अंडंही चालत नाही. मराकसचा किनारा, ला ब्रेआचं डांबराचं तळं आणि कॅरोनीच्या खाजणातले लाल आयबिस ही तीन नावं प्रत्येक यादीत सापडतात. ती बघू, पण सगळे दिवस त्यात घालवायचे नाहीत. टोबॅगो या खेपेला नको.

नकाशात ब्लांशिसूज आणि ग्रांद रिव्हिएर ही दोन गावं उत्तर किनाऱ्यावर जवळजवळ दिसतात. एका दिवसात दोन्ही होतील का? गाडी भाड्याने घ्यावी की मॅक्सी-टॅक्सीवर (ठरलेल्या मार्गावरच्या छोट्या शेअर बसवर) भागेल? लेदरबॅक कासवं बघायला परवाना लागतो म्हणतात, तो कुठे मिळतो? आणि शाकाहारी माणसाचं खेड्यापाड्यात काय?

टोकोवाट

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण बहुतेकांचा बेत तिथेच कोसळतो. नकाशात जवळ दिसत असली तरी या दोन गावांच्या मध्ये रस्ताच नाही. पश्चिमेकडून येणारा किनारी रस्ता ब्लांशिसूजला संपतो आणि पूर्वेकडून येणारा मातलोला. मधल्या साधारण ३० किमीच्या पट्ट्यात फक्त जंगल, नद्या आणि पायवाट. गाडीने जायचं तर ब्लांशिसूजहून डोंगर ओलांडून अरिमाला उतरायचं, तिथून वॅलेन्सिया, मग मतुरा, सालिबिया, टोको असा बेटाचा ईशान्य कोपरा वळसा घालून ग्रांद रिव्हिएर. न थांबता साडेतीन-चार तास धरा. अरिमा-ब्लांशिसूज रस्ता अरुंद, वळणावळणाचा आणि जागोजागी खचलेला आहे. तिथे ताशी २५-३० किमीपेक्षा जास्त वेगाची गणितं मांडू नका.

म्हणून मुक्काम दोन ठिकाणी करा. रोज पोर्ट ऑफ स्पेनहून जाऊन-येऊन करायला गेलात तर दिवस गाडीतच जाईल. चार रात्री अरिमा किंवा पोर्ट ऑफ स्पेनच्या बाजूला, तीन रात्री ग्रांद रिव्हिएरला, उरलेल्या मध्य-दक्षिण भागासाठी शगवानसच्या आसपास. ग्रांद रिव्हिएरला मोजकीच छोटी गेस्टहाऊस आहेत आणि एप्रिल-मे हा कासवांचा भर हंगाम, त्यामुळे खोली सगळ्यात आधी तिथली धरा. ईस्टर त्याच सुमारास येत असेल तर स्थानिक लोकही किनाऱ्यावर तंबू ठोकायला निघतात, मग ब्लांशिसूजलाही जागा मिळत नाही.

गाडीबद्दल: या कोपऱ्यासाठी गाडी घ्याच. वाहतूक आपल्यासारखी डावीकडून आणि स्टिअरिंग उजवीकडे, तो त्रास नाही. मूळ लायसन्स आणि आंतरराष्ट्रीय परवाना दोन्ही जवळ ठेवा. पोर्ट ऑफ स्पेन ते अरिमा जुन्या रेल्वेच्या जागेवर बांधलेला एक मोकळा, सरळ रस्ता दिसेल आणि जीपीएस कधीकधी तोच सुचवतं. तो बस आणि मॅक्सींसाठी राखीव आहे, खासगी गाडीला वेगळा पास लागतो. नवखे तिथे हमखास पकडले जातात. तुम्ही चर्चिल-रूझवेल्ट महामार्गानेच जा. पेट्रोलची टाकी अरिमाला भरून घ्या. भाड्याच्या गाडीची नंबरप्लेट 'आर'ने सुरू होते, म्हणजे पाहुणे कोण हे लांबूनच कळतं. गाडी सोडून चालायला जाताना आत काहीही दिसता कामा नये, रिकामी पिशवीसुद्धा नाही.

घाटवाट

तुम्हाला चालायची सवय आहे म्हणून पारियाची वाट सांगतो. ब्लांशिसूजच्या पूर्व टोकाला मरियान नदीवरचा पूल ओलांडला की सुरू होते. किनाऱ्याला धरून, जंगलातून, सतत छोटे चढउतार, मध्ये ओढे. टर्टल रॉक हा खडक मागे टाकून चांगल्या चालीने दोन-अडीच तासांत पारियाची पुळण लागते. तिथे लाटांनी कोरलेली दगडी कमान आहे, कॅथीड्रल रॉक. पुळण पूर्ण चालून पूर्व टोकाला नदीच्या मुखाशी जायचं आणि नदीच्या काठाने आत दहा-पंधरा मिनिटांवर धबधबा. उंच नाही, पण खालचा डोह ऐसपैस आहे.

उंची फार नसल्यामुळे ही वाट सोपी समजली जाते आणि लोक दमतात ते दमटपणाने. हवा अजिबात हलत नाही. माणशी तीन लिटर पाणी, आणि सकाळी सातच्या आत सुरुवात. विषुववृत्ताच्या इतकं जवळ संधिप्रकाश रेंगाळत नाही. एप्रिलमध्ये सव्वासहाच्या आसपास सूर्य बुडतो आणि झाडीत त्याआधीच काळोख होतो. दुपारी एकला धबधब्यावरून परत फिरायचं म्हणजे फिरायचं.

परतताना मच्छीमारांच्या होडीने, त्यांच्या भाषेत पिरोगने, येता येतं. होडी गावातच आदल्या दिवशी ठरवा, पण तिच्यावर विसंबू नका. उत्तरेकडून लाटा येत असतील तर होडी पुळणीला लागत नाही, आणि तिथे मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे 'येत नाही' हा निरोपही पोचत नाही. दोन्ही बाजू चालायची तयारी ठेवूनच निघा.

दोघांनीच जाऊ नका. या वाटेवर लुटीचे प्रकार झालेले आहेत. स्थानिक हायकिंग गट शनिवार-रविवारी इथे जातात, त्यांच्यात सामील व्हा किंवा ब्लांशिसूजचाच वाटाड्या घ्या. पुढे मातलोपर्यंत संपूर्ण किनारा चालता येतो, पण तो दोन-तीन दिवसांचा, नद्या ओलांडण्याचा आणि उघड्यावर मुक्कामाचा कार्यक्रम आहे. पहिल्या खेपेला नको.

साप: त्रिनिदादमध्ये विषारी चार. दोन मापिपी (एक फेर-द-लान्स, दुसरा बुशमास्टर) आणि दोन प्रवाळसर्प. मापिपी पालापाचोळ्यात घोणशीसारखाच अजिबात न हलता पडून राहतो. आडव्या ओंडक्यावर आधी पाय ठेवा, पलीकडे बघा, मग उतरा. बसायच्या जागी काठी आपटा. त्यापेक्षा जास्त छळतात ते बेत रूज नावाचे लाल सूक्ष्म किडे. गवतातून घोट्यावर चढतात आणि आठवडाभर खाजवत ठेवतात. मोजे पँटवर ओढा, गवतात बसू नका. गंधकाची पूड मोज्यांना चोळायचा स्थानिक उपाय वासाला वाईट, पण चालतो.

अजिता

बाकी सगळं नंतर. तिकीट काढण्याआधी पिवळ्या तापाची लस.

भारतीय पासपोर्टला त्रिनिदादचा पर्यटन व्हिसा लागत नाही, ९० दिवसांपर्यंत राहता येतं, म्हणून लोक निर्धास्त होतात. अडचण परत येताना होते. पिवळ्या तापाच्या देशांची भारताची जी यादी आहे तिच्यात त्रिनिदाद आहे (टोबॅगो नाही). तिथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि पिवळं लसीकरण कार्ड दाखवता आलं नाही, तर विमानतळावरून थेट विलगीकरणात, सहा दिवस पूर्ण होईपर्यंत. लस घेतल्यावर कार्ड दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात, त्यामुळे निघायच्या आदल्या आठवड्यात घेतलेली उपयोगाची नाही. एकच डोस, आयुष्यभर चालतो. फक्त सरकारमान्य केंद्रांतच मिळते आणि तिथे नंबर लावावा लागतो. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गरोदरपण, साठीच्या पुढचं वय यांपैकी काही असेल तर केंद्रातल्या डॉक्टरांशी आधी बोला.

दुसरं, मार्ग. थेट विमान नाही. अमेरिकेतून गेलात तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो, तिथे विमानतळाच्या आतल्या आत थांबायची सोयच नाही. व्हिसा नसेल तर स्वस्त दिसणारं मायामी किंवा न्यूयॉर्कमार्गे तिकीट चेक-इनच्या खिडकीवरच रद्दीत जातं. युरोपमार्गे जाताना त्या त्या देशाचा ट्रान्झिट नियम बघा.

आणि ट्रेकच्या कपड्यांत लष्करी छापाची पँट, टोपी, सॅक काही असेल तर घरीच ठेवा. त्रिनिदादमध्ये सामान्य नागरिकाने तसा छाप घालणं कायद्याने बंद आहे. लहान मुलांच्या कपड्यांनासुद्धा सूट नाही.

मोहोर

अजिता, खूप आभार, लसीचं डोक्यातच नव्हतं. टोकोवाट, कासवांचा परवाना राहिला. आणि नुसती रात्रीची कासवं बघण्यासाठी तिथे तीन रात्री कशाला?

टोकोवाट

तीन रात्री अशासाठी की एखादी रात्र पावसात जाते. ईशान्य कोपरा कोरड्या ऋतूतही ओला असतो.

१ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात ग्रांद रिव्हिएर, मतुरा आणि फिशिंग पाँड हे तीन किनारे संरक्षित असतात. रात्री परवान्याशिवाय पाय ठेवता येत नाही. परवाना वनखात्याचा, पण त्यासाठी पोर्ट ऑफ स्पेनच्या कचेरीत खेटे घालायची गरज नाही. ग्रांद रिव्हिएरला गावातल्या वाटाड्यांच्या केंद्रावर संध्याकाळी परवाना आणि वाटाड्या दोन्ही मिळतात. मतुराला नेचर सीकर्स ही गावकऱ्यांची संस्था १९९० पासून हे काम करते, तिथे आधी कळवून जावं लागतं. मुक्काम करायचा नसेल तर मतुरा अरिमाहून जवळ पडतं. पण मतुराचा किनारा लांबलचक आहे, कासवापर्यंत वाळूत बरंच चालावं लागू शकतं. ग्रांद रिव्हिएरची पुळण जेमतेम एक किलोमीटर, आणि हंगामात त्या एवढ्याशा जागेत एका रात्रीत शेकडो माद्या येतात.

वाटाड्या तुम्हाला आधी लांब थांबवेल, त्याचं कारण समजून घ्या. मादी पाण्यातून वर येताना आणि खड्डा करताना बिचकते. उजेड किंवा हालचाल दिसली तर अंडी न घालताच परत फिरते. पुढच्या वल्ह्यांसारख्या पायांनी ती आधी अंगाएवढी खळगी करते, मग मागच्या दोन वल्ह्यांनी आळीपाळीने, चमच्याने काढावी तशी ओंजळभर वाळू वर आणून बाजूला टाकते. खोल घट तयार झाला आणि अंडी पडायला लागली की तिला भोवतालची फारशी शुद्ध राहत नाही. मगच मागच्या बाजूने जवळ जायचं. सुमारे ८० अंडी, शेवटी काही लहान, बलक नसलेली. मग घट दाबून बुजवणं आणि माग लपवण्यासाठी आसपासची बरीच वाळू उधळणं. सगळं दीड-दोन तास चालतं. पांढरा टॉर्च आणि फ्लॅश बंद, फक्त लाल दिवा. मोबाइलचा पडदाही पुरेसा पांढरा असतो, तो खिशात ठेवा.

जागा कमी आणि माद्या जास्त, म्हणून नंतर आलेली मादी आधीचं घरटं उकरते. पहाटे पुळणीवर फुटलेली अंडी आणि त्यावर तुटून पडलेली काळी गिधाडं दिसतात. ते दृश्य सुंदर नाही, पण पहाटेच जा, कारण उशिरा आलेली एखादी मादी उजेडात सापडते आणि फोटो तेव्हाच नीट येतो. अंड्यांना साधारण दोन महिने लागतात, त्यामुळे एप्रिलमध्ये माद्या बघायच्या. पिल्लांसाठी जून-जुलै बरा.

दुसऱ्या सकाळी पावी. हा टर्कीएवढा काळा पक्षी, गळ्याला निळी झालर. जगात फक्त त्रिनिदादमध्ये आहे आणि अत्यंत धोक्यात आहे. ग्रांद रिव्हिएरच्या मागच्या टेकाडावर जुन्या बागांमधल्या फळझाडांवर पहाटे उतरतो. साडेपाचला वाटाड्याबरोबर जागेवर हवं, सातनंतर दिसेलच असं नाही.

जाता-येता डोंगर चढायचा मोह आवरा आणि सालिबियाला रिओ सेकोचा धबधबा करा, रस्त्यापासून तासाभराची सपाट वाट आणि खोल हिरवा डोह. पायाला उघडी जखम असेल तर पाण्यात उतरू नका. लेप्टो इथेही आहे.

पाणकाठ

सगळे उत्तरेलाच पाठवताहेत, म्हणून थोडं वेगळं मत. तीन रात्रींतली एक कमी करून पूर्व किनाऱ्याला नरीवाला द्या.

ही बेटावरची सर्वांत मोठी गोड्या पाण्याची पाणथळ, महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतली. एका बाजूला मान्झानिला ते मयारो नारळांची अखंड रांग आणि खवळलेला अटलांटिक, दुसऱ्या बाजूला दलदल. आत बुश बुश नावाचं जंगलाचं बेट आहे, तिथे लाल हाउलर आणि कॅपुचिन माकडं. त्यासाठी वनखात्याचा वेगळा परवाना लागतो आणि तो आयत्या वेळी मिळत नाही. नरीवाची सहल नेणारा वाटाड्या धरा आणि परवाना त्याच्याकडूनच, आठवडाभर आधी काढून घ्या. एप्रिलमध्ये पाणी उतरलेलं असतं, कयाक काही ठिकाणी जलपर्णीत अडकते, म्हणून आधी विचारा की होडी जाईल का चालावं लागेल. परवाना झाला नाही तरी संध्याकाळी पाचच्या सुमारास दलदलीच्या कडेला मोरिश ताडांकडे बघत थांबा. निळे-पिवळे मकाव (मोठे पोपट) जोडीजोडीने मुक्कामाला येतात. हे इथून नामशेष झाले होते, १९९९ पासून गयानाहून आणून पुन्हा सोडले. मॅनटी (पाण्यात राहणारा मोठा सस्तन प्राणी) दिसेल या आशेवर मात्र जाऊ नका. असते, दिसत नाही. डास विलक्षण आहेत, लांब बाह्या आणि डीट असलेलं डास पळवणारं मलम.

मान्झानिलाला पोहायचं नाही. ओढ बाहेरची आहे. शिवाय या महिन्यांत सरगॅसम शेवाळ किनाऱ्यावर ढिगांनी येऊन कुजतं, सडक्या अंड्यासारखा वास येतो. खोली धरण्याआधी किनाऱ्याची ताजी स्थिती विचारा.

दक्षिणेला अर्धा दिवस असेल तर प्रिन्सेस टाउनजवळचं डेव्हिल्स वुडयार्ड, थंड चिखल उकळल्यासारखा बुडबुडणारे छोटे ज्वालामुखी. असाच एक चिखलाचा ज्वालामुखी २२ फेब्रुवारी १९९७ ला पिपारो गावात फुटला आणि घरं गाडली गेली. वुडयार्डचे मात्र फुटभर उंचीचे शंकू आहेत, फार अपेक्षा नकोत.

सुगरण_चगवानस

शाकाहाराची काळजी सोडा, कॅरिबियनमध्ये इतकं सोपं दुसरीकडे क्वचितच. ३० मे १८४५ ला फातेल रझाक जहाज कलकत्त्याहून पहिले करारबद्ध मजूर घेऊन आलं आणि १९१७ पर्यंत येत राहिले. बहुतेक भोजपुरी मुलखातले, काही मद्रासकडचे. त्यांचं खाणं आज सगळ्या बेटाचं खाणं आहे.

सकाळी डबल्स. हळद घातलेल्या मऊ तळलेल्या दोन 'बारा' पुऱ्यांत छोले, वर काकडी, चिंचेची चटणी, कुचला (कैरीचं तिखट लोणचं). गाडीवर उभ्याने खायचे, बहुतेक गाड्यांवरचा माल दहा-अकरापर्यंत संपतो. विचारतील, 'पेपर?' पहिल्यांदा 'स्लाइट' म्हणा. ही मिरची स्कॉच बॉनेटच्या जातीची, आपल्या लवंगीच्या भरवशावर 'हेवी' म्हणू नका. सहिना म्हणजे आपल्या अळूवडीची चुलतबहीण, डाळीच्या पिठात तळलेली. शिवाय आलू पाय, फुलौरी, बैगनी. रोटीच्या दुकानात डालपुरी किंवा बस-अप-शट (कुस्करलेला पराठा) घ्या, भरायला चना-आलू, भोपळा, भाजी, बोडी (चवळीच्या शेंगा).

गोची तीन ठिकाणी होते. कलालू ही अळूच्या पानांची नारळाच्या दुधातली भाजी हिरवीगार दिसते, पण तिच्यात बहुधा खेकडा किंवा खारवलेलं मांस असतं. मॅकरोनी पायमध्ये अंडं. आणि भाजीत कधीकधी सुकी मासळी. 'व्हेजिटेरियन' म्हणण्यापेक्षा 'नो मीट, नो फिश, नो एग' असं तीनदा तोडून सांगा. ग्रांद रिव्हिएरला मात्र रोटीचं दुकान गृहीत धरू नका, गेस्टहाऊसला आधी कळवा आणि सांग्रे ग्रांडेहून फळं, पाव, चीज घेऊन जा.

शगवानसला असाल तेव्हा वॉटरलू. सेवदास साधू या मजुराने १९४७ मध्ये साखर कंपनीच्या जागेवर देऊळ बांधलं, ते १९५२ मध्ये पाडलं गेलं आणि त्याला तुरुंगात टाकलं. समुद्र कुणाच्या मालकीचा नाही म्हणून त्याने सायकलवरून दगड वाहून पाण्यात भराव घालायला घेतला आणि तिथे बांधलं. आजचं देऊळ १९९५ चं. ओहोटीला भोवती नुसता चिखल दिसतो, पण पाणपक्षी तेव्हाच उतरतात. शेजारी स्मशानभूमी आहे, चिता पेटलेली असेल तर कॅमेरा आत. जवळच कारापिचायमाला ८५ फुटी हनुमान आणि दत्तात्रेयांचं मंदिर. गाणगापूर-वाडीच्या वळणाचं काही नाही, म्हैसूरच्या दत्तपीठाने बांधलेलं, दाक्षिणात्य धाटणीचं. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा. चेज व्हिलेजच्या कुंभारांकडे दिवाळीच्या पणत्या वर्षभर बघायला मिळतात.

इथे गाडीशिवाय येता येतं. पोर्ट ऑफ स्पेनच्या सिटी गेटवरून हिरव्या पट्ट्याची मॅक्सी शगवानसला, पुढे वॉटरलूची शेअर टॅक्सी. पट्ट्याचा रंग म्हणजे मार्ग: हिरवा दक्षिण, लाल पूर्व, पिवळा पश्चिम. टॅक्सीला मीटर नसतो, दर ठरलेला असतो. नंबरप्लेट 'एच'ने सुरू होत नसेल तर त्या गाडीत बसू नका, कितीही प्रेमाने बोलावलं तरी.

घाटवाट

पुस्ती: दिवस उरला तर नेल्सन बेट. १८६६ ते १९१७ मध्ये आलेल्या मजुरांना आधी इथे उतरवून तपासत. त्रिनिदादचा नॅशनल ट्रस्ट होडीच्या सहली काढतो, रोज नसतात, तारीख आधी विचारा. त्याच दिशेला पुढे शाकाशाकारे, १९८४ पर्यंत कुष्ठरोग्यांची वसाहत, आता ओस. शॅगरॅमसहून होडी मिळते. तिथल्या किनाऱ्यावर मँचिनील झाडं आहेत, हिरव्या लहान सफरचंदासारखी फळं. फळ चाखायचं नाही, चीक अंगाला लागू द्यायचा नाही, पावसात त्याखाली उभंही राहायचं नाही. थेंबांबरोबर चीक उतरतो आणि कातडीला फोड येतात.

मोहोर

बेत असा: अरिमा ३, ग्रांद रिव्हिएर २, मान्झानिला १, शगवानस ३. पैसे आणि रात्रीची सुरक्षितता, एवढंच राहिलं.

टोकोवाट

बेत बरा आहे, पण क्रम बदला. ग्रांद रिव्हिएर शनिवार-रविवारी नको, पोर्ट ऑफ स्पेनहून गर्दी येते आणि एका कासवाभोवती वीस जण उभे राहतात. अरिमाचे दिवस शनिवार-रविवार धरून घ्या, म्हणजे पारियाला हायकिंग गटही मिळेल.

पैसे: एका अमेरिकन डॉलरला पावणेसातच्या आसपास टीटी (त्रिनिदाद-टोबॅगो) डॉलर. थोडेथोडेच बदला, कारण देशात परकीय चलनाची टंचाई आहे आणि उरलेले टीटी परत अमेरिकन डॉलरमध्ये बदलून घेणं जिकिरीचं होतं. टोकोच्या पुढे कार्डाचा भरवसा नाही, तीन दिवसांची रोकड अरिमालाच काढा.

सुरक्षितता: गुन्हेगारी खरी आहे, डिसेंबर २०२४ च्या अखेरीस सरकारने आणीबाणीही जाहीर केली होती. निघण्याआधी ताजी स्थिती बघा, संचारबंदी असेल तर रात्रीचा प्रवास आपोआप बाद. बहुतेक हिंसा टोळ्यांमधली आणि पोर्ट ऑफ स्पेनच्या पूर्वेकडच्या वस्त्यांत, लॅव्हेंटिलच्या बाजूला, तिथे जायचं कारण नाही. अंधार पडल्यावर शहरात पायी हिंडू नका, रात्रीचा लांबचा ड्राइव्ह टाळा, पियार्को विमानतळावर रात्री उतरणार असाल तर पहिली रात्र तिथेच जवळपास काढून गाडी सकाळी ताब्यात घ्या. पोलीस ९९९, रुग्णवाहिका ८११. गाडी घेताना जॅक आणि स्टेपनी उघडून बघा. मतुराच्या पुढे पंक्चर काढणारा सहज मिळत नाही.